अनुभवाचे भांडवल

थोर पुरुषांची चरित्रे मुलांच्या हाती देण्याची चाल आपल्या समाजात जुनी आहे; अलीकडे त्यांत अमेरिकन उद्योगपतींची चरित्रे अधिक दिसतात, एवढाच फरक. ती देताना आपण जे सांगतो ते बहुधा एकाच साच्याचे असते. अमुक मनुष्य दरिद्री होता, त्याने कष्ट केले, तो कोट्यधीश झाला. सबब बाळ, तूही कष्ट कर. बाळ ऐकून घेतो आणि पुस्तक कपाटात ठेवून देतो. यात त्याचा दोष आहे असे मला वाटत नाही. ज्याच्या घरची दोन गोदामे आहेत त्याने दारिद्र्य आणावे कोठून? आणि ज्याला सकाळी गादीवर बसण्यापलीकडे कोणी काही करू देत नाही त्याने कष्ट तरी कोणते करावे? माझे मत असे आहे की ही चरित्रे आपण चुकीच्या पानापासून वाचावयास लागतो. मनुष्याच्या आयुष्यातील कोणत्या अनुभवाने त्याच्या कार्यास आकार दिला हे पाहावयाचे, तर तो किती गरीब होता हे विचारून भागत नाही. त्याला कोणी, कोठे आणि कशासाठी नकार दिला, व त्या नकाराचे त्याने पुढे काय केले, हे विचारले पाहिजे.

अमेरिकेचेच उदाहरण प्रथम घेतो, कारण ते योगायोगाने आपल्या धंद्यातील आहे. जॉन रॉकफेलर हे नाव खनिज तेलाशी जोडलेले आहे. परंतु त्यांचा आरंभ आढतीच्या पेढीवर झाला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्यांचा जन्म १८३९ चा. वडील गावोगाव औषधे विकत हिंडणारे. घरी कधी येतील व कधी जातील याचा नेम नसे. मुलाने दोन-तीन महिने जमाखर्चाचे शिक्षण घेतले आणि वयाच्या सोळाव्या वर्षी क्लीव्हलंड शहरात नोकरीसाठी पेढ्यांचे उंबरठे झिजविण्यास सुरुवात केली. सुमारे सहा आठवडे तो रोज सकाळी निघे व सायंकाळी तसाच परत येई. यादीतील पेढ्या संपल्या तेव्हा त्याने पहिल्या पेढीपासून पुन्हा आरंभ केला. अखेर २६ सप्टेंबर १८५५ रोजी ह्युइट आणि टटल या शेतमालाच्या आढत्यांनी त्याला मुनिमाच्या हाताखाली बसविले. पहिल्या तीन महिन्यांचे मिळून पन्नास डॉलर मिळाले. हा दिवस ते पुढे जन्मभर वाढदिवसाप्रमाणे पाळीत असत.

त्या पेढीवर त्यांनी काय केले? आलेले प्रत्येक बिल ओळीनिशी तपासले. शेजारच्या कचेरीतील एका मालकाने नळकाम करणाऱ्याचे लांबलचक बिल न वाचताच आपल्या कारकुनाकडे फेकले आणि पैसे देऊन टाक म्हणून सांगितले. तेच बिल रॉकफेलर स्वतःच्या पेढीसाठी तपासत असत व त्यात जादा आकारणी सापडे. हा प्रसंग त्यांनी उतारवयात आठवणी लिहिताना आवर्जून नोंदविला आहे. स्वतःच्या खाजगी खर्चाची एक लहानशी वही त्यांनी त्याच वर्षी घातली. तिच्यात कपड्याचा, खाण्याचा आणि दानधर्माचा सेंट न् सेंट लिहिलेला असे. ती वही त्यांनी अखेरपर्यंत जपून ठेवली. आपल्याकडे दीपावलीस वहीपूजन होते. परंतु चोपडीची खरी पूजा यास म्हणावे.

तीन वर्षांनी त्यांनी पगारवाढ मागितली. मागितली तेवढी मिळाली नाही. तेव्हा १८५९ साली एका भागीदाराबरोबर धान्य, गवत व मांस यांची आढत त्यांनी स्वतःच काढली. आपल्या भांडवलातील एक हजार डॉलर त्यांनी वडिलांकडून कर्जाऊ घेतले. आणि वडिलांनी मुलाकडून दहा टक्के व्याज घेतले! आपल्यापैकी किती वडील असे करतील? मी स्वतः करणार नाही. पण त्या व्याजाने मुलगा बिघडला नाही, एवढे मात्र खरे.

येथवर वाचून मनुष्य प्रसन्न होतो. परंतु पुढचे पान मिटून ठेवणे हा जमाखर्चातील लबाडीचा प्रकार होईल. १८७० साली स्टँडर्ड ऑइल कंपनी निघाली. आढतीच्या दिवसांत रॉकफेलर यांनी आगगाडीच्या भाड्याचे मर्म ओळखले होते. माल कोणाचाही असो, पोहोचविणारा ज्याच्या मुठीत त्याच्या मुठीत बाजार. त्यांनी रेल्वे कंपन्यांशी गुप्त करार करून स्वतःच्या तेलास भाड्यात सूट मिळविली आणि लहान तेलवाल्यांचे व्यवसाय एकामागून एक बंद पाडले किंवा गिळले. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडून तिचे तुकडे करण्याचा निर्णय दिला. शिकागोच्या विद्यापीठास व नीग्रो मुलींच्या शिक्षणसंस्थेस त्यांनी अपार द्रव्य दिले, तेही त्याच माणसाने. ज्याला सहा आठवडे शहरात कोणी उभे केले नाही, त्याने पुढे असंख्यांना बाजारात उभे राहू दिले नाही. एकाच अनुभवातून वहीही निघते आणि फासही निघतो. यासाठीच दारिद्र्याचे गोडवे मला पटत नाहीत.

आता आपल्या घरचे पाहू. घरचे म्हणण्यास दुहेरी कारण आहे, कारण या कथेत ग्वाल्हेरची एक बोट आहे.

सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद दोशी गरीब नव्हते. घरी सावकारी होती, कापसाचा व्यापार होता, समाजात मान होता. १८९९ साली ते मॅट्रिक झाले. (मीही मॅट्रिकच आहे, साम्य तेथेच संपते.) मुंबईस व पुण्यास महाविद्यालयात गेले, पण पदवी न घेता परतले. मळलेली वाट अशी की त्यांनी गादीवर बसावे, गहाणखते पाहावीत, व्याज मोजावे. त्यांत त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्याजवळ कंत्राटी कामाची माहिती होती, पैसा नव्हता. वालचंदांजवळ पैसा होता, माहिती नव्हती. सावकाराच्या मुलाने कारकुनाशी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाचे काम घेतले. मुरूम, खडी, मजूर, तंबू, पाऊस आणि गोऱ्या इंजिनियरची सही, अशी ही शाळा. पुढे बोरघाटातील बोगदे, मुंबईस पाणी आणणारी तानसाची नळवाहिनी यांसारखी प्रचंड कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. परंतु मला वाटते, त्यांचे कर्तृत्व घडले ते त्या पहिल्या मुरमावर. तेथे वडिलांचे नाव चालत नव्हते; मोजमाप बरोबर भरले तर बिल मिळे, नाही तर नाही.

पहिल्या महायुद्धात आपले महाराज माधवराव शिंदे यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही मोठी बोट विकत घेऊन तिला जखमी सैनिकांचे तरते रुग्णालय केले व ‘लॉयल्टी’ असे नाव दिले. युद्ध संपल्यावर ती विकावयास निघाली. ही बातमी वालचंदांस आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाकडून समजली असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुष्कळांस अशा बातम्या समजतात. आपण ‘असे का?’ म्हणून डबा उघडतो. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास व किलाचंद देवचंद यांना जमविले, बोट घेतली, आणि जिच्याकडून बोट घेतली त्या राजघराण्याच्या नावाने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस भारतात १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्र आमच्या लष्करापासून शेकडो कोस दूर. तरी त्या दिवशी जयाजी चौकात एखादा फलक लागावा असे मला दर वर्षी वाटते. अद्याप लागलेला मी पाहिलेला नाही.

बोट मिळाली, पण माल मिळेना. येथे व्यापारी वाचकांनी जरा थांबावे, कारण ही युक्ती समजून घेण्याजोगी आहे. इंग्रज बोटवाल्यांनी व्यापाऱ्यांस एक आमिष लावून ठेवले होते: ठराविक मुदतभर तुमचा सर्व माल आमच्याच बोटींतून पाठवा, म्हणजे भरलेल्या भाड्यातील काही भाग मागाहून परत मिळेल. मधल्या काळात एक खेप जरी दुसऱ्या बोटीने पाठविली, तरी साठलेली सर्व सूट बुडाली. तेव्हा मनातून स्वदेशी असलेला व्यापारीसुद्धा हात आखडता घेई. त्याला दोष कसा द्यावा? आपले येणे अडकले असता आपण तरी काय करतो? शिवाय नव्या कंपनीची बोट ज्या मार्गावर लागेल तेथे भाडे इतके उतरावयाचे की तिला कोळशाचा खर्चही निघू नये. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिल्ले यांची १९०६ साली निघालेली स्वदेशी बोट कंपनी याच उपायाने बुडविली गेली होती. रॉकफेलर यांनी जी सूट घेऊन इतरांस मारले तीच सूट येथे दुसऱ्यांच्या हाती होती आणि मार वालचंदांस बसत होता. ‘लॉयल्टी’ तोट्यात चालली आणि १९२३ साली मोडीत निघाली. त्याच साली कंपनीला इंग्रज कंपनीशी दहा वर्षांचा करार करावा लागला; परदेशी वाहतूक सोडून किनाऱ्यावरील व्यापारापुरते राहण्याचे तीत बंधन होते.

हा नकार साधा नव्हता. पुढील तीस वर्षांचे त्यांचे सर्व उद्योग पाहिले म्हणजे त्यांच्या मुळाशी हीच एक आठवण दिसते: वाहन दुसऱ्याचे असेल तर माल आपला असून नसल्यासारखा. १९२९ पासून ते कंपनीचे अध्यक्ष झाले. दुसऱ्याच्या देशात बांधलेल्या बोटींवर अवलंबून राहावयाचे नाही म्हणून विशाखापट्टणमला बोटी बांधण्याचा कारखाना आरंभिला. १९४१ साली बाबू राजेंद्रप्रसाद यांनी त्याची कोनशिला बसविली आणि १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. १९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात, विमानात विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. हा मनुष्य चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होता. पुन्हा प्रवास, पुन्हा सहप्रवासी. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साह्याने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. तिचाच वंश आजचा एचएएल हा सरकारी कारखाना होय. मोटारींसाठी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी संबंध जोडून १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईच्या रस्त्यावरील त्यांच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर टॅक्सींनी २०२३ साली शेवटचा निरोप घेतला. जहाज, विमान, मोटार: तिन्ही वाहनेच, हे ध्यानात घ्यावे. रावळगाव व वालचंदनगरची साखर त्यांनी काढली ती निराळी. ८ एप्रिल १९५३ रोजी ते वारले, आणि या सर्व पसाऱ्यातील बराचसा भाग तोपर्यंत त्यांच्या हातून सरकारकडे गेला होता किंवा जाण्याच्या मार्गावर होता. नफ्याच्या फुटपट्टीने त्यांचे आयुष्य मोजावयाचे तर हिशेब अवघड जाईल.

दुसरे उदाहरण व्यापाऱ्याचे नव्हे, पण विक्रेत्याचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली. ते राजीनामा देऊन बेळगावास सायकलींच्या दुकानात गेले व पुढे लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमिनीस विष बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकावयास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला बोलावयाचे आहे ते त्यांचे नांगर गावोगाव विकणाऱ्या एका तरुणाविषयी.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शाहू महाराजांच्या प्रेरणेने मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव गेले आणि परत आल्यावर स्नान न करता भोजनगृहात शिरले. आंघोळ करण्यास त्यांनी साफ नकार दिला. वसतिगृहाचा कारभार अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता. त्यांनी भाऊरावांस वसतिगृहातून काढले. ही घटना आपल्या समाजाच्या संस्थेत घडली, हे आपण आपल्या स्मरणिकेत लिहिण्यास संकोच का करावा? लठ्ठे स्वतः सुशिक्षित व सुधारक होते, हे तर अधिक बोचते.

पुढे १९१४ मध्ये कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्यास डांबर फासले गेले आणि संशय लठ्ठ्यांवर आला. भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांनी तुरुंगवास व छळ सोसला. ज्या माणसाने आपल्याला ताटावरून उठविले त्याच्याविरुद्ध एक खोटे वाक्य बोलावयाचे होते, बोलले असते तर सुटकाही झाली असती. ते बोलले नाहीत. माझ्या मते भाऊरावांचे सर्व शिक्षणकार्य एका पारड्यात घातले तरी ही न दिलेली साक्ष दुसऱ्या पारड्यात हलकी ठरणार नाही.

मग पोटासाठी त्यांनी ओगल्यांच्या कारखान्याचे कंदील व काच विकली, किर्लोस्करांचे नांगर विकले, सातारच्या कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला. फिरता विक्रेता म्हणजे काय हे आपल्याला सांगावयास नको. गावात जावयाचे, पारावर बसावयाचे, चहा घ्यावयाचा, माल दाखवावयाचा, आणि गिऱ्हाईक कागदावर अंगठा उठविताना पाहावयाचे. असंख्य विक्रेत्यांनी तो अंगठा पाहिला आणि खाली रक्कम लिहिली. भाऊरावांच्या मनात तो अंगठा रुतला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. ‘लॉयल्टी’ मुंबईहून निघाली त्याच वर्षातील ही गोष्ट. सहा महिन्यांचे अंतर. १९२४ साली सातारला वसतिगृह निघाले आणि त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसू लागली. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. कोल्हापुरात जे ताट हिरावले गेले तेच त्यांनी सातारला मांडले, आणि त्यावर कोणासही बसू दिले. मुलांनी श्रम करावे व शिकावे हा त्या संस्थेचा परिपाठ. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले तेव्हा संस्था महाराष्ट्रभर पसरलेली होती, आणि ती आजही चालू आहे.

या कार्याचा खर्च कोणाच्या नावे पडला हेही लिहिले पाहिजे. एकदा वसतिगृहातील धान्य संपले. भाऊराव बाहेरगावी. मुलांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले. बाकीचे दागिने आधीच गेले होते. १९३० साली त्या वारल्या. चरित्रकार हा प्रसंग एका परिच्छेदात सांगून पुढे जातात. मी धान्याचा व्यापारी असल्यामुळे मला तेथून पुढे जाता येत नाही. ते सोने कोणत्या तरी दुकानी उतरले असेल, ती पोती कोणी तरी मोजून दिली असतील. आपण त्या दिवशी त्या दुकानी बसलो असतो तर काय केले असते, हा प्रश्न मी स्वतःस अनेकदा विचारतो आणि दर वेळी उत्तर तत्काळ येत नाही.

वालचंद धनाढ्य, भाऊराव सामान्य घरचे, रॉकफेलर दोहोंच्या मधले. दारिद्र्य तिघांस समान नाही. समान आहे ते इतकेच की तिघेही तरुणपणी वडिलांच्या छपराबाहेर गेले, आणि तेथे त्यांना ‘नाही’ हा शब्द परक्या माणसाकडून ऐकावा लागला. घरच्या माणसाच्या नकारात माया असते. मूल रडले की तो विरघळतो. परक्याचा नकार विरघळत नाही. तो सोडवावा लागतो. अर्थात नकार तर लक्षावधींना मिळतो आणि बहुतेकांच्या मनात त्याची अढी तेवढी उरते. वालचंद व भाऊराव यांच्यात निराळे काय होते? आपल्याला झालेला नकार हा आपल्यासारख्या सर्वांना होणारा नकार आहे, हे त्यांनी ओळखले. वालचंदांनी म्हटले नाही की माझी एक बोट बुडाली; देशाजवळ बोट नाही हे त्यांना दिसले. भाऊरावांना आपले एक ताट दिसले नाही, पंगत दिसली. रॉकफेलर यांना मात्र स्वतःचा हिशेब दिसला, आणि तो त्यांनी फार चोख ठेवला.

आता आपल्या पेढ्यांकडे वळतो. आपली मुले आज वाणिज्याची पदवी घेतात, काही पुण्यास व बंगलोरास जातात, काही अमेरिकेस पोहोचली आहेत. त्यांच्याविषयी मला चिंता नाही, त्यांना परके लोक भेटतातच. चिंता आहे ती गादीवर बसणाऱ्यांची. मुलगा महाविद्यालयातून येतो तो थेट वडिलांच्या शेजारी लोडाला टेकतो. पल्लेदार त्याला छोटे शेठ म्हणतात. दलाल त्याच्या विनोदास हसतो. भाव चुकला तर वडील सांभाळून घेतात, येणे थकले तर काका फोन करतात. त्याला ‘नाही’ म्हणणारा एकही मनुष्य त्या पेढीवर नसतो. चाळिसाव्या वर्षी वडील निवर्ततात आणि बँकेचा अधिकारी त्याला पहिल्यांदा ‘नाही’ म्हणतो. तेव्हा तो गोदाम विकतो. गेल्या काही वर्षांत दाल बाजारातील व टोपी बाजारातील किती जुन्या पाट्या उतरल्या हे सभासदांनी आपल्या मनाशी मोजावे. मोठे बाजार आले, घरबसल्या माल मागविण्याची सोय आली, ही कारणे खरी आहेतच. परंतु त्याच गल्लीतील काही दुकाने टिकली, याचेही काही कारण असले पाहिजे.

स्वतःचा एक प्रसंग सांगतो. १९८१ साली, वयाच्या विशीत, वडिलांनी मला गव्हाचा एक ट्रक घेऊन परगावी एका गिरणीकडे पाठविले. नमुना आधी पसंत झालेला होता. फाटकावर पोहोचल्यावर ओलावा अधिक आहे असे सांगून मोठी कटती मागितली; नाही तर ट्रक परत न्या. गहू कोरडा होता, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. भरलेला ट्रक परत नेणे परवडत नाही, यावरच त्यांचा सर्व हिशेब होता. दोन रात्री मी ट्रकमध्ये काढल्या आणि तिसऱ्या दिवशी त्या गावातील किरकोळ दुकानदारांना पाच-पाच, दहा-दहा पोती करून माल दिला. वडिलांनी विचारले नाही की तोटा किती; त्यांनी विचारले, कोणाकोणाला दिला? ती नावे त्यांनी वहीत लिहून घेतली. त्यांतील काही घरे आजही आमची गिऱ्हाइके आहेत. तेव्हापासून आमच्या पेढीवर शेतकऱ्याचे पोते गाडीवरून उतरण्यापूर्वी परखी लावून भाव सांगितला जातो. उतरल्यावर एक पैसा कमी होत नाही. माल उतरलेल्या माणसाची अगतिकता काय असते हे मला त्या फाटकाने शिकविले. गादीवर बसून ते मला समजले नसते.

म्हणून माझी संस्थेस एक सूचना आहे. प्रत्येक सभासदाने आपल्या मुलास, नातवास, आणि मी मुद्दाम लिहितो, मुलीस व नातीसही, पदवीनंतर एक वर्ष दुसऱ्या सभासदाच्या पेढीवर नोकरीस ठेवावे. उमेदवारी नव्हे, नोकरी. पगार तेथील इतर नोकरांइतकाच. येण्या-जाण्याची वेळ त्यांचीच. चुकला तर बोलणी खावीत, आणि घरी येऊन तक्रार केली तर वडिलांनी ऐकू नये; हे शेवटचे कलम सर्वांत कठीण आहे, विशेषतः आजी घरात असतील तर.

यावर आक्षेप येईल की पेढीची गुपिते फुटतील: कोणाकडून माल येतो, कोणाला किती उधारी आहे, हे सर्व दुसऱ्याच्या घरी जाईल. आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा की धान्यवाल्याचा मुलगा धान्याच्या पेढीवर जाऊ नये. त्याने टोपी बाजारातील एखाद्या दुकानी जावे, आणि तेथील मुलाने आमच्याकडे पोती मोजावीत. कापड किंवा भांडी विकताना धान्याची गुपिते फुटत नाहीत. दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे, की लोक म्हणतील अमक्यांचा धंदा बसला वाटते, मुलगा नोकरीस लागला. लोक असे म्हणतील, यात शंका नाही. सुमारे सहा महिने म्हणतील.

ही सूचना मी केवळ कागदावर करीत नाही. टोपी बाजारातील माझ्या एका स्नेह्यांशी बोलणे झाले आहे. माझा नातू दीपावलीनंतर त्यांच्याकडे कामास जाईल. पगार किती हे मी विचारू नये असे त्यांनी सांगितले, आणि मी विचारलेले नाही. त्यांची धाकटी कन्या त्याच दिवसापासून आमच्याकडे आवकेची वही लिहावयास येणार आहे. तिला लोडाशेजारी नव्हे, काट्याजवळ बसविणार आहे. तिच्यासाठी एक नवी परखी आणून ठेवली आहे.